पेढीची पत : हुंडीच्या व्यवहारातील सचोटीचा इतिहास

हुंडी म्हणजे एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या सावकारावर लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला अमुक रक्कम अमुक दिवशी द्यावी, एवढाच तिचा आशय. रोख रक्कम बैलगाडीतून वा उंटावरून नेण्यात लुटीची भीती होती, शिवाय नाण्यानाण्यांचा बट्टा वेगळा. त्यामुळे निदान सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानातील दूरच्या व्यापाराचा मोठा भाग हुंडीवर चालला. तिच्यामागे बहुधा ना गहाण असे, ना राजाची हमी. लिहिणाऱ्या पेढीची पत हेच तारण असे. ही पत कशी कमावली जाई, कशी राखली जाई आणि कोणत्या परिस्थितीत ती निकामी ठरे, याचा इतिहास हा व्यापारातील सचोटीचाच इतिहास आहे. एक गोष्ट त्यातून वारंवार दिसते. सावकाराचा प्रामाणिकपणा त्याच्या मनात उगवत असला, तरी तो टिकत असे चोख हिशेबामुळे आणि जाब विचारू शकणाऱ्या समव्यावसायिकांमुळे. जिथे जाब विचारणारे कोणी उरले नाही, तिथे नामांकित पेढ्यांचेही पाय घसरले.

हुंडीची घडण

मुदतीवरून हुंडीचे दोन मुख्य प्रकार होते. दाखवताच पैसे द्यावे लागत ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी पैसे मिळत ती मुदती हुंडी. पैसे कोणाला द्यायचे यावरून आणखी भेद पडत. धनीजोग हुंडीचे पैसे तिच्या धन्याला, नामजोग हुंडीचे पैसे तीत नाव असलेल्या इसमालाच मिळत. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र फक्त शहाला, म्हणजे बाजारात ज्याची प्रतिष्ठा आहे अशा सावकाराला द्यायचे असत. जोखमी हुंडी मालाशी बांधलेली असे. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे चुकते होत, म्हणून तिच्यात विम्याचाही अंश होता.

शहाजोग हुंडीची रीत समजून घेतली की या व्यवहारातील जबाबदारीची कल्पना स्पष्ट होते. अनोळखी माणूस अशी हुंडी घेऊन थेट पैसे उचलू शकत नसे. त्याला स्थानिक शहामार्फतच ती सादर करावी लागे. हुंडी पुढे चोरीची वा बनावट निघाली, तर ज्या शहाने पैसे घेतले त्याने ते व्याजासह परत करायचे, किंवा ज्याच्याकडून हुंडी आली तो माणूस हजर करायचा. म्हणजे शहा आपले नाव दुसऱ्याच्या कागदाला जोडत असे आणि त्या नावाची किंमत मोजायला बांधील असे. कोणाची हुंडी हाती घ्यावी आणि कोणाची परत करावी, हा निर्णय त्याला रोज घ्यावा लागे. त्या निर्णयात नफ्याचा हिशेब असे, तसाच समोरच्या माणसाच्या चारित्र्याचा अंदाजही असे.

माणसावर भरवसा ठेवतानाच फसवणुकीची वाट बंद करण्याची काळजीही घेतलेली होती. हुंडीतील रक्कम एकदाच लिहून भागत नसे. पूर्ण रक्कम, तिची निमपट आणि त्या निमपटीची दुप्पट असे सगळे लिहिले जाई, म्हणजे एखादे शून्य वाढवून खाडाखोड करणे अवघड होई. हुंडी गहाळ झाली तर लिहिणारा पैठ देई, पैठ हरवली तर परपैठ, आणि तीही गेली तर पंचांच्या साक्षीचा कागद होई. पैसे चुकते झालेली हुंडी खोखा म्हणून जपून ठेवत, कारण तीच भरपाईची पावती असे. दूरच्या गावी हुंडी नाकारली जाण्याची शंका असेल, तर सोबत जिकरी चिठ्ठी दिली जाई. मूळ सावकाराने हुंडी सकारली नाही, तर त्याच गावच्या दुसऱ्या स्नेही पेढीने लिहिणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी ती सकारावी, अशी विनंती तीत असे. एका पेढीची लाज दुसरीने राखायची ही अपेक्षा अशा रीतीने व्यवहाराच्या कागदातच उतरली होती.

या सेवेचा मोबदला हुंडणावळ म्हणून घेतला जाई. गावाचे अंतर, वाटेतील धोका, पैशाची तेजी-मंदी आणि लिहिणाऱ्याची पत यांवर तिचा दर ठरे. पत चांगली तितकी हुंडी सहज खपे आणि हुंडणावळ कमी पडे. सचोटीला बाजारात रोकडा भाव होता आणि तो कमी-जास्त होताना सगळ्यांना दिसत असे.

धर्मशास्त्र, वही आणि महाजन

पेढीच्या आचरणाला तीन आधार होते : शास्त्राचा दंडक, वहीची शिस्त आणि महाजनांचा धाक.

ऋणाविषयी स्मृतिग्रंथांनी तपशीलवार नियम घातले होते. त्यांतील व्यापारावर सर्वांत खोल परिणाम करणारा नियम दामदुपटीचा. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून दुपटीच्या वर जाता कामा नये, अशी ही मर्यादा. मनुस्मृतीत ती आढळते, आणि इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोच्या बाबतीत ती मानली. दुसरा नियम पितृऋणाचा. बापाचे कर्ज मुलाने फेडावे. जुगार, दारू अशा अनैतिक कारणांसाठी काढलेले कर्ज मात्र त्याच्यावर बंधनकारक नाही. ही धार्मिक बांधिलकी कायद्याने २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीपर्यंत मान्य केलेली होती. पेढीच्या दृष्टीने या नियमाचा अर्थ असा की पत एका माणसाची नसून घराण्याची असे. आज घेतलेला निर्णय नातवाच्या व्यापाराला तारणार किंवा बुडवणार, याची जाणीव गादीवर बसणाऱ्याला ठेवावी लागे.

दुसरा आधार वहीचा. रोजच्या घडामोडी रोजकीर्दीत उतरत, तिथून त्या खतावणीत खातेवार जात, आणि रोजची शिल्लक जुळल्याशिवाय मुनीम गादीवरून उठत नसे. वह्या शिवलेल्या असत. त्यातले पान फाडणे किंवा नोंद खरवडणे हे पेढीच्या अब्रूवर डाग लावणारे कृत्य समजले जाई. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करण्याची प्रथा आजही दुकानादुकानांतून चालू आहे. तंटा उभा राहिला की पंच आधी वही मागत. नियमित लिहिलेल्या वहीला पुरावा म्हणून मान होता, आणि ज्याची वही संशयास्पद त्याचा शब्दही संशयास्पद ठरे.

तिसरा आधार महाजनांचा. गुजरातच्या शहरांत सराफ, कापडवाले, धान्यवाले असे धंदेवार महाजन असत आणि त्यांवर नगरशेठ. भाव, सुट्टीचे दिवस, हुंडीची मुदत, दलाली आणि आपसातले तंटे यांचा निकाल ते करत. नियम मोडणाऱ्याला दंड होई, आणि दंड न देणाऱ्याशी कोणी व्यवहार करत नसे. दूरच्या न्यायालयात जाऊन वर्षानुवर्षे फिर्याद लढवण्यापेक्षा हा बहिष्कार किती तरी परिणामकारक होता. बुडालेल्या व्यापाऱ्याने दुकानात भर दिवसा दिवा लावून ठेवावा आणि आपली असमर्थता सर्वांसमोर मांडावी, अशी प्रथा उत्तर व पश्चिम हिंदुस्थानातील बाजारांत सांगितली जाते. लपवाछपवी न करता हिशेब पुढे ठेवणाऱ्याशी धनको तडजोड करत, आणि सावरल्यावर जुने देणे फेडणाऱ्याला बाजार पुन्हा जवळ करी. व्यवसायातले अपयश आणि व्यवसायातली लबाडी यांत बाजार फरक करत होता.

या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. तिचा पाया जात, कुळ आणि गावकी यांवर होता. ज्याचे कुळ-मूळ ठाऊक त्याच्यावर विश्वास, हा नियम आतल्यांना सोयीचा आणि बाहेरच्यांना दार बंद करणारा होता. नव्या, निराधार पण प्रामाणिक माणसाला पत मिळणे अतिशय कठीण होते.

मोठ्या पेढ्या : सुरत, अहमदाबाद, मुर्शिदाबाद

सतराव्या शतकात हिंदुस्थानभर हिंडलेला फ्रेंच जवाहिऱ्या जाँ बाप्तिस्त ताव्हर्निये याने लिहून ठेवले आहे की, अगदी लहानसे गाव सोडले तर जिथे सराफ नाही असे गाव या देशात सापडत नाही, आणि हे सराफ पैसे पाठवण्याचे व हुंड्या देण्याचे काम करतात. त्या काळी सुरत हे या जाळ्याचे मोठे केंद्र होते. तिथला वीरजी व्होरा ईस्ट इंडिया कंपनीचा मोठा धनको होता. कंपनीच्या वखारीला भांडवल कमी पडले की त्याच्याकडे धाव घ्यावी लागे. मिरीसारख्या मालाचा साठा एकहाती करून भाव आपल्या मुठीत ठेवण्याची त्याची ताकद इंग्रजांना खुपत असे, तरी त्याच्याशी व्यवहार तोडणे त्यांना परवडत नसे. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर छापा घातला तेव्हा वीरजीच्या वाड्यातील संपत्तीही गेली. तरीही पुढे त्याचे नाव इंग्रजांच्या व्यवहारात येत राहिले. तिजोरी रिकामी होऊनही पेढी उभी राहू शकते, कारण तिची खरी ठेव लोकांच्या भरवशात असते, याचे हे एक उदाहरण.

अहमदाबादचे नगरशेठ खुशालचंद यांनी १७२५ मध्ये दुसरा धडा घालून दिला. सत्तेच्या भांडणात मराठी फौजा शहर लुटण्याच्या बेतात असताना त्यांनी पदरचे पैसे देऊन शहर वाचवले. त्याची परतफेड म्हणून शहरातील व्यापाऱ्यांनी मालाच्या दर शंभर रुपयांमागे चार आणे खुशालचंदांना आणि त्यांच्या वंशजांना देण्याचे कबूल केले. शहराचे भले आणि पेढीचे भले वेगळे नाही, हे ओळखून घेतलेला तो निर्णय होता. व्यापाऱ्यांनी त्याची जाणीव ठेवली आणि ती लेखी करारात उतरवली.

बंगालमधील जगतशेठांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. राजस्थानातून आलेल्या या ओसवाल घराण्याने मुर्शिदाबादेत पेढी वाढवली. फतेचंदांना मोगल बादशहाकडून जगतशेठ हा किताब मिळाला. सुभ्याचा महसूल दिल्लीला पोचवणे, टांकसाळ आणि नाण्यांचा बट्टा ही कामे त्यांच्या हाती होती. १७४२ मध्ये मराठी फौजांनी मुर्शिदाबादेवर घाला घातला तेव्हा त्यांच्या कोठीतून सुमारे दोन कोटी अर्काटी रुपये गेल्याचे इतिहासकार गुलाम हुसेन खान याने 'सियर-उल-मुताखरीन' या ग्रंथात नोंदवले आहे. एवढे होऊनही हे घराणे एकेका वेळी कोटी रुपयांच्या दर्शनी हुंड्या देत राहिले, अशी त्याची साक्ष आहे. पैशाच्या बाबतीत त्यांचा शब्द खाली पडला नाही.

याच घराण्यातील महताबचंद आणि स्वरूपचंद १७५७ च्या प्लासीपूर्वी नवाब सिराजुद्दौल्याविरुद्धच्या कटात सामील झाले. नवाबाने केलेला अपमान आणि मनमानी यांमुळे त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली. सहाच वर्षांनी, १७६३ मध्ये, इंग्रजांशी झुंजणाऱ्या मीर कासिमने दोघांनाही ठार केले. पुढे बंगालची दिवाणी कंपनीकडे आली आणि सरकारी खजिना कलकत्त्याला गेला, तशी या पेढीची सद्दी संपली. हुंडीच्या बाबतीत निष्कलंक असलेली माणसे सत्तेच्या व्यवहारात आपल्या निर्णयाचे परिणाम जोखू शकली नाहीत. पत म्हणजे देणे फेडण्याची सचोटी. न्याय-अन्यायाचा संपूर्ण विवेक तिच्यात आपोआप येत नाही, हे जगतशेठांच्या इतिहासातून दिसते.

पुणे : दौलत आणि सावकार

मराठी राज्यात सावकाराचे स्थान वेगळेच होते, कारण इथली दौलतच कर्जावर चालत होती. मोहिमेला निघताना फौजेचा खर्च आधी करावा लागे आणि चौथाईचा वसूल मागाहून येई. मधली फट सावकार भरून काढत. थोरल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचा बोजा आणि धनकोंचा तगादा यांचे दुःख पुन्हा पुन्हा येते. ज्याने मोठमोठ्या सुभेदारांना नमवले, त्याला सावकाराच्या दारी विनवण्या कराव्या लागत होत्या.

१७४० मध्ये बाजीराव वारल्यावर ऋणाची ताकद उघड झाली. पेशवेपद नानासाहेबाला मिळू नये म्हणून रघूजी भोसले आणि बारामतीचे बाबूजी नाईक यांनी खटपट केली. बाबूजी नाईक पेशव्यांचे धनको होते. पदाचा बेत फसल्यावर त्यांनी जुन्या कर्जाचा तगादा लावून नव्या पेशव्याला कोंडीत धरले. त्या वेळी पुरंदरे घराण्याने पेशव्यांच्या मदतीला आपली पत लावली आणि प्रसंग निभावला. कर्ज मागण्याचा हक्क बाबूजी नाईकांना निश्चितच होता, पण तो हक्क त्यांनी राजकीय सूड म्हणून वापरला. हक्क असणे आणि तो रास्त वेळी वापरणे यांतले अंतर या घटनेत स्पष्ट दिसते.

सावकारांचे जासूद किती वेगाने धावत, याची साक्ष पानिपताच्या बातमीने दिली. जानेवारी १७६१ अखेरीस भाऊसाहेबांच्या मदतीला उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना पराभवाची पहिली खबर वाटेत मिळाली, ती एका सावकारी जासुदाकडच्या पत्रातून. उत्तरेच्या पेढीने दक्षिणेतल्या पेढीला पाठवलेल्या त्या पत्रात मोती आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत मेलेल्या सरदारांचा हिशेब दिला होता. राज्याच्या डाकेच्या आधी पेढीची डाक पोचली, कारण खरी बातमी लवकर कळणे हा पेढीच्या जिवाचा प्रश्न होता.

पानिपतानंतर कर्जाचे डोंगर थोरल्या माधवरावांच्या वाट्याला आले. १७७२ मध्ये थेऊरला मृत्यूशय्येवर असताना त्यांनी राज्यकारभाराविषयी नऊ कलमांची यादी करून चुलते रघुनाथराव यांची मान्यता घेतली. त्या यादीत दौलतीच्या कर्जाच्या फेडीची तरतूद होती. बहुतेक कर्ज त्यांनी स्वतः काढलेले नव्हते. तरी ते फेडल्यावाचून जाणे त्यांना रास्त वाटले नाही. पितृऋणाचा जो नियम पेढीवर पाळला जात होता, तोच नियम एका राज्यकर्त्याने दौलतीला लावून घेतला. मराठी अर्थव्यवहाराच्या इतिहासात नैतिक निर्णयाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधणे कठीण आहे.

मुंबई, १८६५ : पतीचा बाजार

पेशवाई बुडाल्यावर सराफांचे जग झपाट्याने बदलले. १८३५ मध्ये कंपनीने एकच रुपया चालू केला आणि नाण्यांच्या बट्ट्याची मिळकत आटली. १८४० मध्ये मुंबईत बँक ऑफ बॉम्बे निघाली. १८५३ पासून आगगाडी आणि त्याच सुमारास तारायंत्र आले. हुंडी चालूच राहिली, पण तिच्या शेजारी आता कंपन्या, शेअर आणि बँकांची कर्जे उभी राहिली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला. हिंदी कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. तो पैसा जिरवायला रोज नवी बँक, नवी कंपनी निघू लागली. बॅक बे येथील समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या आसपास पोचला. या सट्ट्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद हे नाव होते. त्यांच्या शब्दाला बाजारात एवढे वजन होते की त्यांनी शिफारस केलेल्या माणसांना बँक ऑफ बॉम्बेने पुरेशा तारणावाचून मोठाली कर्जे दिली. आधी या बँकेला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मनाई होती. १८६३ च्या कायद्याने ते बंधन सैल झाले होते.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध थांबल्याची खबर आली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा पुढच्या तारखेच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणी देण्याची ऐपत जवळजवळ कोणाजवळच उरली नव्हती. एकेकाळी २,८५० रुपयांना विकलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ मध्ये ती जुनी बँक गुंडाळावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला. संचालकांचा हलगर्जीपणा आणि एका माणसाच्या शब्दावर ठेवलेला आंधळा भरवसा त्याच्यासमोर उघड झाला.

प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला, तो त्यांच्या मातोश्रींच्या नावाने. कलकत्ता विद्यापीठातील त्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही प्रसिद्ध आहे. त्यांची दानत खोटी नव्हती. दोष होता तो पतीच्या वापरात. जुन्या पेढीवर शहा दुसऱ्याच्या हुंडीला नाव देई तेव्हा नुकसान झाल्यास स्वतः भरून देण्याची बांधिलकी त्यात असे. १८६४-६५ मध्ये शिफारस करणारा एक, कर्ज देणारा दुसरा आणि बुडणारा पैसा तिसऱ्याच भागधारकाचा, अशी फारकत झाली. नाव वापरायचे, पण नावाची किंमत मोजायची नाही, अशी सोय झाल्यावर भल्या माणसांचे निर्णयही सैल होतात, हे मुंबईने फार महागात शिकून घेतले.

दख्खन, १८७५ : वहीची एकच बाजू

मुंबईचा फुगा फुटला त्याची झळ दख्खनच्या खेड्यापाड्यांना लागली. कापसाच्या तेजीत शेतकऱ्याला सढळ हाताने कर्ज मिळाले होते. भाव पडल्यावर तो हात आखडला. त्याच सुमारास सारावाढीच्या नव्या आकारणीने बोजा वाढवला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागे. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता, पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागले आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून घालू लागले. दामदुपटीची मर्यादा कागदावर जिवंत राहिली, व्यवहारात तिला वळसा घातला गेला. शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. भरलेल्या रकमेची पावती त्याला मिळत नसे, आणि न्यायालयात त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामे होत. जमीन विकून कर्ज वसूल करण्याची इंग्रजी पद्धत सावकाराच्या मदतीला होतीच.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. तिथून लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. जमावाचा रोख होता कर्जरोख्यांवर. जिथे सावकारांनी रोखे स्वाधीन केले तिथे बहुधा त्यांच्या अंगाला हात लागला नाही, जिथे नकार मिळाला तिथे घरे पेटली. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जाचा इतिहास मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, रोखे गावच्या निबंधकासमोर नोंदवणे आले, पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोला मिळाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. जोतीराव फुले यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदाच्या जोरावर कसे नाडले जाते, याचे जळजळीत चित्र आहे.

दूरच्या पेढीची हुंडी दर्शनी सकारणारा सावकार आणि निरक्षर कुणब्याच्या रोख्यात व्याजाचे मुद्दल करणारा सावकार एकाच व्यवसायातले होते. पहिल्या व्यवहारात समोर बरोबरीचा माणूस होता, त्याच्याकडेही वही होती आणि मागे महाजन होते. दुसऱ्या व्यवहारात वही एकाच बाजूला होती. काही सावकारांनी दुष्काळात व्याज सोडले, सवलती दिल्या आणि गावात मानाने राहिले. पण ज्याला जाब विचारता येत नाही त्याच्याशी नेकीने वागायला बाजाराची भीती पुरत नाही. तिथे माणसाचा स्वतःचाच विवेक लागतो, आणि तो कमी पडला तर कायद्याला यावे लागते. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या हाती दिले ते नेमके हेच : हिशेब मागण्याचा अधिकार.

कायदा, सहकार आणि हुंडीचा अस्त

१८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टने चेक, वचनचिठ्ठी आणि बिल यांचे नियम ठरवले, पण देशी भाषांतील दस्तांच्या स्थानिक रूढींना धक्का लावला नाही. त्यामुळे हुंडी आपल्या रिवाजांसह कायद्याच्या छत्राखाली टिकली आणि न्यायालये शहाजोग, जोखमी या प्रकारांचे निवाडे बाजाराच्या रूढी तपासून करत राहिली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईत शिकारपुरी मुलतानी सराफ हुंड्यांचा मोठा व्यवहार करत होते. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक आली. १९४९ च्या बँकिंग कायद्यानंतर व्यापारी कर्जाचा ओघ हळूहळू बँकांकडे वळला. हुंडीचा उपयोग काळा पैसा लपवायला होऊ लागला, तेव्हा प्राप्तिकर कायद्यात कलम ६९ ड घालण्यात आले. १ एप्रिल १९७७ पासून अकाउंट पेयी चेकखेरीज हुंडीवर घेतलेली वा फेडलेली रक्कम उत्पन्न धरली जाऊ लागली. ज्या कागदाचे सारे मोल उघड प्रतिष्ठेत होते तो लपवाछपवीचे साधन झाला, आणि तिथे त्याचे बळ संपले.

पतीची कल्पना मात्र नव्या रूपात पुढे आली. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, ती हिंदुस्थानातील आरंभीच्या सहकारी पतसंस्थांपैकी एक होती. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने खेड्यांतील संस्थांना अमर्याद जबाबदारीचे तत्त्व घालून दिले. संस्था बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या मालमत्तेसह जबाबदार. जर्मनीतील रायफायझेन यांच्या पतसंस्थांवरून घेतलेल्या या तत्त्वामागचा विचार शहाजोग हुंडीशी जुळणारा होता : गावातल्या माणसाची नियत गावातल्यांना ठाऊक असते, आणि दुसऱ्यासाठी हमी देणाऱ्याने त्याची झळ सोसायला तयार असावे. फरक एवढाच की इथे पत जातीच्या वा कुळाच्या आधारावर न उभारता सभासदत्वावर उभारली गेली, आणि हिशेब तपासण्याचा हक्क सर्वांना मिळाला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली. पुढे महाराष्ट्रात पतसंस्थांचे जाळे पसरले. त्यांतल्या ज्या टिकल्या त्यांच्या कर्जवाटपात ओळखीला मर्यादा होती आणि लेखापरीक्षणाला मान होता. ज्या बुडाल्या त्यांपैकी अनेकींत १८६५ चीच चूक दिसते : संचालकाच्या शब्दावर दिलेले तारणाविना कर्ज आणि ठेवीदाराचा पैसा पणाला.

हुंडीच्या इतिहासाने व्यवसायातील शीलाविषयी ठोस शिकवण मागे ठेवली आहे. चांगुलपणा व्यवहारात टिकायचा तर नाव देणाऱ्यावर नुकसानीचा भार असला पाहिजे, हिशेब दोन्ही बाजूंना दिसला पाहिजे, आणि बुडणाऱ्याला सावरण्याची व लबाडाला दूर ठेवण्याची रीत बाजाराजवळ असली पाहिजे. या गोष्टी असतील तिथे साध्या माणसाचा निर्णयही सहसा रास्त ठरतो. त्या नसतील तिथे, दुर्बलाशी व्यवहार करताना, सारा भार एकट्या माणसाच्या सद्सद्विवेकावर येतो. दामदुपट पाळणारा सावकार, सवलत देणारा सावकार आणि पूर्वजांचे कर्ज स्वतःच्या शिरावर घेणारा माधवराव पेशवा यांची थोरवी त्या भाराखाली न वाकण्यात आहे.